चारशे फायली आणि एक कॅसेट

«ताई, मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. प्रतापनगरात राहतो. गाणं ऐकण्याची आवड जुनी, सवड मात्र आता मिळाली. मुलाने चांगला फोन घेऊन दिला. पण यूट्यूबवर ऐकायला बसलो की ऐन विलंबितात साबणाची जाहिरात येते. म्हणून गाणं फोनमध्येच उतरवून घ्यावं असं ठरवलं. फुकट एमपीथ्री देणाऱ्या एका साइटवर गेलो, तर गाण्याऐवजी भलतंच काही फोनमध्ये शिरलं. आता दर थोड्या वेळाने पडद्यावर जाहिरात उगवते. मग बर्डीवरच्या एका दुकानातून पेन ड्राइव्ह भरून आणला. त्यात चारशेवर फायली आहेत. ही म्हणते, ‘नुसतं जमा करून राहिले, ऐकता कधी?’ ही स्वतः लग्नाआधी महाल भागात एका गुरुजींकडे गाणं शिकलेली आहे. त्या तालमीची एक कॅसेट घरात आहे, पण ती लावायची भीती वाटते. नात बंगळुरूला पियानो शिकते, तिलाही बाख-बीथोव्हेन पाठवावं असं मनात आहे. शास्त्रीय संगीत फुकटात, पण सरळ मार्गाने, कुठे मिळतं? की हे सगळं चोरीचंच आहे? — एक श्रोता, नागपूर»

काकाजी,

काकूंचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमचा फोन साफ करू या, कारण त्याच फोनमध्ये बँकेचं अ‍ॅपही असणार.

जाहिराती उगवण्यामागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे त्या साइटने मधेच ‘अलाऊ’ दाबायला लावलं असेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा. तिथे ज्या साइट्सना परवानगी दिली गेली आहे त्यांची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक बंद करा. दुसरी शक्यता अशी, की गाणं समजून तुम्ही एखादं अ‍ॅपच उतरवलं. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी असते. तुम्ही किंवा मुलाने न टाकलेलं जे काही तिथे असेल, ते काढून टाका. नाव साधंसुधं असतं, टॉर्च, क्लीनर, प्लेअर असं काहीतरी; त्याला भुलू नका. हे होईपर्यंत त्या फोनवरून पैशाचे व्यवहार करू नका.

पुढच्या वेळेसाठी एक खूण लक्षात ठेवा. गाण्याच्या फाइलचं शेपूट एमपीथ्री, फ्लॅक, एमफोरए किंवा ऑग असं असतं. शेपटाला एपीके किंवा ईएक्सई दिसलं तर तो प्रोग्राम आहे, गाणं नव्हे. आणि एका पानावर ‘डाउनलोड’ची चार बटनं असली, तर त्यातलं सगळ्यात मोठं आणि हिरवंगार बटन बहुधा जाहिरातीचं असतं. अशा पानावरून परत फिरावं.

आता पेन ड्राइव्ह. तो भरून देणाऱ्याने कुणाचीच परवानगी घेतलेली नसते, हे तुम्हालाही आतून जाणवलं असणार, नाहीतर चोरीचा प्रश्न पत्रात आलाच नसता. माझी तक्रार मात्र त्याच्याही पुढची आहे. असे पेन ड्राइव्ह मी पाहिले आहेत. फायलींना नावं धड नसतात. ‘मालकंस’ लिहिलेलं असतं आणि आत चंद्रकंस निघतो. कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद लागला की जाणत्याच्या लक्षात येतं, पण नव्याने कान तयार करणारा माणूस चुकीच्या नावाने राग शिकून बसतो. गायकाचं नाव अर्धं, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, साल कुठलं, काहीच नाही. मोठा ख्याल मधेच कापलेला. ज्याने गायला त्याच्या हाती काही पडलं नाही आणि ज्याने ऐकलं त्यालाही पूर्ण मिळालं नाही. म्हणून म्हणते, तो पेन ड्राइव्ह बाजूला ठेवा.

चोरीबद्दल विचारलंत, तर त्याचं उत्तर समजायला सोपं आहे, पण त्यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक रचना, दुसरं तिचं ध्वनिमुद्रण. बीथोव्हेन १८२७ साली गेला. त्याची सिम्फनी आज कुणाच्याही मालकीची नाही. पण ती सिम्फनी एखाद्या वाद्यवृंदाने दहा वर्षांपूर्वी वाजवून मुद्रित केली असेल, तर ते मुद्रण त्यांचं आहे. आपल्याकडेही तसंच. अठराव्या शतकातल्या सदारंगाची बंदिश सगळ्यांची. पण एखाद्या गायिकेने गेल्या वर्षी ती गाऊन अल्बम काढला, तर तो अल्बम तिचा आणि तिच्या कंपनीचा. ‘शास्त्रीय म्हणजे जुनं, जुनं म्हणजे फुकट’ असं जे धरून चाललं जातं, ते इथे फसतं.

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली बाजारात आलेली रेकॉर्ड घ्या. मोजणी १ जानेवारी १९६१ पासून. २०२० संपलं आणि २०२१ च्या पहिल्या दिवशी ती भारतात मुक्त झाली. दर नव्या वर्षाला आणखी एका वर्षाचा ठेवा मोकळा होतो. मला ही गोष्ट फार आवडते. दिवाळीनंतर मी दरवर्षी यादी काढून ठेवते, की १ जानेवारीला काय काय आपलं होणार. वसंतराव देशपांड्यांचं बरंच ध्वनिमुद्रित गाणं मात्र अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहाला त्यांचं नाव आहे त्यावरून आपण रोज जातो, आणि शंकरराव सप्र्यांकडे ते शिकले ते याच गावात. त्यांचं गाणं विकत घेऊन ऐकावं, किंवा हक्क असलेल्या कंपनीच्या अधिकृत चॅनेलवर ऐकावं. नागपूरकराने तरी त्यात काटकसर करू नये.

मग मोकळं असलेलं कुठे मिळेल? सगळ्यात मोठी जागा इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ पासून चालू असलेलं, नफ्यासाठी नसलेलं हे ग्रंथालय आहे. त्याचा पत्ता सोपा आहे: आर्काइव्ह, टिंब, ओआरजी. शोधाच्या चौकटीत गायकाचं नाव इंग्रजीत टाका आणि स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी बदलून बघा. अब्दुल करीम खाँ हे नाव घ्या. करीममधला ‘री’ कुणी एक आय घालून लिहितं, कुणी दोन ई घालून. खाँचं तर विचारूच नका. एका स्पेलिंगला काही सापडलं नाही, तर दुसऱ्याला पाच सापडतात. पान उघडलं की ‘डाउनलोड ऑप्शन्स’ अशी यादी दिसते. फोनवर ती खाली सरकल्यावर येते. त्यातलं एमपीथ्री घ्या. फ्लॅकही असेल, त्यात आवाज जास्त चांगला राहतो, पण फाइल बरीच मोठी होते.

एक सावधगिरी. तिथे कुणीही काहीही चढवू शकतं. त्यामुळे तिथे आहे म्हणजे मुक्त आहे, असं धरू नका. रेकॉर्ड कुठल्या काळातली आहे ते बघा आणि ६० वर्षांचा हिशेब स्वतः करा. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांबाबत हा हिशेब जवळजवळ नेहमीच जमतो, कारण त्या बहुतेक त्याआधीच्या.

आणि खरी मजाही तिथेच आहे. जरा थांबून सांगते.

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग उतरला, आणि गायिका गौहरजान त्याच्या यंत्रापुढे गायली. ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, जोर लावून गायचं. आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उमटायची. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही सोय होती. आज ते नाव ऐकताना अंगावर काटा येतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची एक बाई दार उघडून समोर उभी राहते.

एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ज्यांची सवय दोन-दोन तास एक राग मांडायची, त्यांना सांगितलं गेलं की सगळं एवढ्यात बसवा. काहींनी यंत्राकडे पाठ फिरवली. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज रेकॉर्डवर नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. आपल्याला त्यांचं गाणं त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातूनच अंदाजाने ऐकावं लागतं. पण ज्यांनी ती तीन मिनिटं पेलली, त्यांनी काय करून ठेवलं आहे! अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, लावून बघा. पहिल्या सुरातच राग उभा. उगाच एक सूर खर्ची घातलेला नाही. याच खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून लहानग्या भीमसेनने १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, गुरूच्या शोधात घर सोडलं, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मला ती तीन मिनिटं ऐकल्यावर दरवेळी ते घर सोडणं पटतं.

केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, हीसुद्धा अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉएजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यात भारतातलं एवढंच गाणं आहे. व्हॉएजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

या जुन्या रेकॉर्डी ऐकण्याची थोडी रीत आहे. पहिल्या दोन-चार वेळा खरखरच ऐकू येते. तेवढ्यावर सोडू नका. पावसात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं जसं आपण पाऊस बाजूला सारून ऐकतो, तसा कान सवयीचा होतो. चौथ्या-पाचव्या वेळेला खरखर मागे जाते आणि गळा पुढे येतो. दुसरं म्हणजे वेग. ७८ म्हणायचं, पण अगदी सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर घेतलेल्या नसत. चुकीच्या वेगाने उतरवलेली असेल तर पट्टी चढते, आवाज चिरका होतो, ताना कात्रीसारख्या वाटतात. अशी शंका आली तर तीच रेकॉर्ड दुसऱ्या कुणी चढवली आहे का ते बघा आणि दोन्ही ताडून पाहा. साधारण १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. तिथून पुढच्या रेकॉर्डींत तबला, सारंगी माणसासारखी ऐकू येऊ लागते. नवख्या कानाने तिथून सुरुवात करावी आणि मग मागे मागे जावं.

त्याच ग्रंथालयात काकूंसाठी एक गोष्ट आहे. पंडित भातखंडे १९३६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लिखाणावरचा हक्क केव्हाच संपला. बंदिशी स्वरलिपीत देणाऱ्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग त्यांनी मराठीत लिहिले. जुन्या आवृत्त्यांची स्कॅन केलेली पानं शोधल्यावर मिळतात. काकूंनी शिकलेली बंदिश पुस्तकात सापडली, तर त्यांनी ती गुणगुणायला वेळ लागणार नाही. तुम्ही रेकॉर्ड लावा, त्यांच्या पुढ्यात पान ठेवा.

नातीचं काम याहून सोपं. म्युझोपेन नावाची साइट मुक्त झालेल्या पाश्चात्त्य रचनांची मुक्त ध्वनिमुद्रणं जमवण्यासाठीच निघाली आहे. खातं उघडावं लागतं, पैसे लागत नाहीत. स्वरलिपी हवी असेल तर आयएमएसएलपी नावाचं ग्रंथालय आहे, २००६ पासूनचं. पियानोच्या शिक्षकांना ते माहीत असतंच. ऑर्गन आवडत असेल तर जेम्स किबी या प्राध्यापकांनी बाखच्या ऑर्गनसाठीच्या रचना जर्मनीतल्या जुन्या बरोक ऑर्गनांवर वाजवून मिशिगन विद्यापीठामार्फत फुकट दिल्या आहेत.

पण एकच पाठवायचं असेल तर बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पाठवा, किमिको इशिझाका यांनी वाजवलेली. २०१२ साली त्यांनी ते वादन सगळे हक्क सोडून जगाला देऊन टाकलं. ज्यांना ते ऐकायचं होतं त्यांनी आधीच वर्गणी गोळा केली होती, म्हणून कलाकाराचा खर्च निघाला आणि आपल्याला ते मुक्त मिळालं. फुकट याचा हा अर्थ मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आणि काकाजी, ते तुम्हीही ऐका. सुरुवातीला एक संथ चाल येते, तिच्याखाली ३२ बारांचा, म्हणजे तालाच्या ३२ घरांचा, खर्जाचा पाया असतो. पुढे तीस वेळा तोच पाया फिरतो आणि वर दरवेळी नवं काही घडतं. शेवटी पहिली चाल जशीच्या तशी परत येते. आवर्तन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे परकं वाटत नाही. त्यांचं गणित वेगळं, सुरांचे थर एकावर एक रचण्याची रीत वेगळी, पण समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यासारखं वाटतं खरं.

सगळंच उतरवून घ्यायची गरज नाही, हेही सांगते. आकाशवाणीची ‘रागम’ ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देते, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही, आणि ती फोनवर ऐकू येते. प्रसार भारतीच्या संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणं त्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर आहेत. आपलं नागपूर केंद्र १९४८ चं. ज्यांच्या घरी सकाळ त्या केंद्राने सुरू झाली ती पिढी तुमचीच. रेडिओचा एक मोठा गुण असा, की पुढे काय लागणार हे आपल्या हातात नसतं. चारशे फायलींपुढे बसून काय लावू, काय लावू करत जो अर्धा तास जातो, तो वाचतो.

साठवण्याबद्दल थोडक्यात. साध्या एमपीथ्रीत एक तासाचं गाणं साधारण ५८ एमबी घेतं, चांगल्या प्रतीच्या एमपीथ्रीत १४४. म्हणजे ३२ जीबीचं एक कार्ड कुठल्याही माणसाला वर्षभर पुरून उरेल. फाइल उतरली की तिथल्या तिथे नाव द्या: आधी राग, मग गायक, मग साल. आणि प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवा. माझ्याकडे सहा वर्षांचा संग्रह एकाच हार्ड डिस्कवर होता. एका मे महिन्यात ती डिस्क बंद पडली ती पडलीच. पुन्हा सगळं शोधताना काही गोष्टी मिळाल्या, काही मिळाल्या नाहीत. बेगम अख्तरांच्या एका दादऱ्याची जी प्रत माझ्याकडे होती तशी स्वच्छ प्रत मला अजून सापडलेली नाही.

आता काकूंचा प्रश्न. ऐकता कधी?

आठवड्याला एकच. मनापासून सांगते, एकच रेकॉर्ड घ्या आणि सात दिवस तीच ऐका. तीन मिनिटांची असेल तर रोज तीनदा. पहिल्या दिवशी फक्त ऐका. दुसऱ्या दिवशी सम कुठे येते तेवढं बोटावर धरा. तिसऱ्या दिवशी सारंगी किंवा पेटी गळ्याच्या मागोमाग कशी येते तिकडे कान द्या. पाचव्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाल आणि मुखडा आपोआप ओठांवर येईल. त्या दिवशी ती रेकॉर्ड तुमची झाली. मोठा ख्याल घेतलात तरी हेच. अमीर खाँसाहेबांच्या मारव्याला तर एक आठवडा कमीच पडतो. त्याचा पहिला कोमल रिषभ कुठे आणि किती वेळ टांगून ठेवला आहे, एवढं एकच कळायला मला महिना लागला होता.

रागाची वेळ सांभाळता आली तर सांभाळा. पहाटे पाचला, शंकरनगरच्या बाजूने फिरून येण्याआधी, ललत किंवा भैरव. मे महिन्यात दुपारी वृंदावनी सारंग. बाहेर ४५ अंश असताना तो राग जे करतो ते दुसऱ्या कुठल्या गावात एवढं नेमकं कळत असेल असं मला वाटत नाही. फक्त कूलर चालू असेल तर फोनच्या भोंग्यावर ऐकू नका. त्या इवल्याशा भोंग्यातून तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा येतच नाही. कूलरच्या आवाजात उरलेलंही जातं. साधा वायरचा इअरफोन लावा. दोघांनी ऐकायचं असेल तर जुना टेपरेकॉर्डर किंवा होम थिएटर घरात असेलच, त्याला फोन जोडा. आवाज बेताचा ठेवा. तानपुरा ऐकू येईल एवढा, त्याहून जास्त नको.

आणि आता ती कॅसेट. काकाजी, पत्रात तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे. मी मात्र तुमचं पत्र वाचून झाल्यावर तिचाच विचार करत होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी उद्या तुमच्या फोनमधून पुसली गेली, तर परवा पुन्हा मिळेल. जगात हजारो ठिकाणी ती ठेवलेली आहे. महालातल्या त्या गुरुजींची तालीम एकाच ठिकाणी आहे, तुमच्या कपाटात. म्हणून आधी ती.

भीती वाटते ती योग्यच आहे. जुनी टेप घाईने लावली तर तुटते. आधी खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात का ते बघा. दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट चांगल्या यंत्रात अजिबात घालू नका, यंत्राच्या हेडला आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागते. ठिपके नसतील तर कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आहेत का बघा. असतील तर मोडून टाका. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटन दाबलं गेलं तरी वर काही चढणार नाही. मग पेन्सिल घालून हाताने थोडं थोडं पुढे-मागे फिरवा. सैल झाली की एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. टेपखालचा तो छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. अशा वेळी टेपची चक्रं दुसऱ्या, स्क्रूवाल्या डब्यात घालता येतात. हे स्वतः करायचं धाडस नसेल तर जुने डेक दुरुस्त करणारा माणूस शोधा. आपल्या गावात अजून असे हात आहेत. दोन-तीन जुन्या रेडिओच्या दुकानांत विचारलं की नाव कळतं.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकात, द्या. लॅपटॉपला बहुधा तसं भोक नसतं, त्याच्यासाठी लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम फुकट आहे. त्यात आवाजाची पट्टी लाल होणार नाही एवढी पातळी ठेवा, आणि मग टेप चालू करून बसून राहा. अर्ध्या तासाची बाजू अर्ध्या तासातच उतरते, घाई करता येत नाही. पहिली प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न आवळता ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवा. एका तासाला साधारण ६३५ एमबी लागतील, लागू द्या. ऐकण्यासाठी एमपीथ्री नंतर काढा.

खरखर काढण्याच्या मोहात पडू नका. तो प्रोग्राम खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांची ती गुंजही, खातो, आणि गुरुजींनी मधेच घेतलेला श्वास, ‘पुन्हा म्हण’ म्हणून मारलेली थाप, बाहेरून गेलेल्या सायकलची घंटी, हे सगळं ‘नको असलेला आवाज’ समजून पुसून टाकतो.

उतरवून झाल्यावर एक गोष्ट मात्र थांबून करा. ती कॅसेट काकूंच्या घरातली असली तरी आवाज गुरुजींचा आहे, आणि तालीम ही बाहेर ऐकवण्यासाठी गायलेली नसते. कुठे चढवायचा किंवा कुणाला पाठवायचा विचार आला, तर आधी गुरुजींच्या घरी विचारा. त्यांच्या मुलांकडे, नातवंडांकडे त्यांचा आवाज आहे की नाही, कोण जाणे. नसेल तर एक पेन ड्राइव्ह घेऊन दोघं जाऊन या.

टेप चालू असताना काकूंना समोर बसवा. वही-पेन जवळ ठेवा. राग कुठला, बंदिश कुणाची, साल कुठलं, मागून आणखी कुणाचा आवाज येतो आहे ती मैत्रीण कोण, हे त्यांनाच ठाऊक आहे. फाइलला नाव त्यांनी द्यावं. तिथे पलटे चुकलेला एक कोवळा आवाज येईल, त्याचंही नाव लिहून घ्या.